१०.१ म्हणजे शून्य : राही सरनोबत आणि पिस्तुलाच्या नेमाचे गणित

घोटावड्याहून माण-हिंजवडीच्या वाटेने पुण्याकडे निघाले की मुळेच्या काठी म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारले गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये येथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा भरल्या आणि कोल्हापूरच्या सतरा वर्षांच्या राही सरनोबतने पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक मिळवले.

दहा वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१८ रोजी, इंडोनेशियातील पालेमबांग येथे तिने आशियाई सुवर्ण जिंकले. त्या दिवशी पात्रता फेरीत ती सातवी होती. पहिल्या क्रमांकावरील मनू भाकरचे गुण ५९३, राहीचे ५८०. तेरा गुणांनी मागे असलेली नेमबाज सुवर्ण कशी जिंकते? याचे उत्तर नशिबात शोधण्यापेक्षा ‘अचूकता’ या शब्दाच्या इतिहासात शोधावे.

आपल्याकडे नेमबाजीच्या सरावाला जुना शब्द आहे चांदमारी. लष्करी छावण्यांच्या परिसरात तो अजूनही कानी पडतो. गोल लक्ष्य म्हणजे चांद. पण चांदाला गोळी लागली, एवढ्याने नेम किती चांगला हे कळत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत काही सामन्यांत प्रत्येक छिद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर दोरीने मोजत आणि सर्व अंतरांची बेरीज करीत. ज्याची दोरी सर्वांत आखूड, तो विजेता. ही पद्धत प्रामाणिक होती, पण फार वेळखाऊ. पुढे एकात एक वर्तुळे आखून प्रत्येकाला गुण देण्याची रीत रूढ झाली. पिस्तूल १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासूनच होते. महिलांसाठी स्वतंत्र २५ मीटर पिस्तूल प्रकार मात्र १९८४ साली, लॉस एंजेलिसला आला.

या प्रकाराचे दोन भाग असतात. पहिल्यात दर पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात, अशा तीस गोळ्या. येथे दहाच्या वर्तुळाचा व्यास केवळ ५ सेंटिमीटर. दुसऱ्या भागातही तीस गोळ्या, पण प्रत्येक गोळीसाठी फक्त तीन सेकंद. मग सात सेकंदांची विश्रांती. हात ४५ अंश खाली झुकलेला असतो. इशारा होताच तो उचलायचा, नेम साधायचा आणि चाप ओढायचा. घाईची भरपाई म्हणून या भागातील दहाचे वर्तुळ दुप्पट, म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाचे असते. एकूण गुण ६००.

आता पिस्तुलाचे खरे गणित पाहू, कारण बहुतेकांची गल्लत येथेच होते.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी एक उंचवटा असतो, ती माशी. मागे एक खाच असते. एनसीसीची मुले त्यांना फोरसाइट आणि बॅकसाइट म्हणतात. या दोहोंतील अंतर २५ मीटरच्या पिस्तुलात जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर असू शकते. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११ सेंटिमीटर बाजूला जाते. संथ भागातील लक्ष्यावर हा सहाचा गुण. उलट, माशी आणि खाच अचूक जुळलेली असताना सबंध हात एक सेंटिमीटर डोलला, तर गोळीही एकच सेंटिमीटर सरकते आणि दहा शाबूत राहतात. म्हणजे हाताचे डोलणे परवडते, मनगटाचे वळणे परवडत नाही.

लहानपणापासून ऐकलेली अर्जुनाची गोष्ट येथे अपुरी पडते. पोपटाच्या डोळ्याखेरीज काही न दिसणारा धनुर्धर पिस्तूल हाती घेऊन मागे पडला असता. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून कसलेला नेमबाज नजर माशीवर ठेवतो आणि लक्ष्य धूसर राहू देतो. नवख्याचा डोळा मात्र ऐनवेळी लक्ष्याकडे धावतो.

नेमाची परीक्षा बेरजेने होत नाही, ती छिद्रांच्या मांडणीने होते. एनसीसीत ज्याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात तेच हे. समजा, पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडल्या, पण डाव्या बाजूच्या सातच्या वर्तुळात. गुण झाले ३५. दुसऱ्या कोणाच्या गोळ्या दहा, नऊ, आठ, सहा आणि पाच अशा विखुरल्या. गुण ३८. गुणफलकावर दुसरा पुढे आहे. प्रशिक्षक मात्र पहिल्याला निवडील. पहिल्याचा दोष पिस्तुलात आहे, मागची खाच उजवीकडे सरकवली की पाचही गोळ्या मध्यात येतील. दुसऱ्याचा दोष हातात आहे, आणि हाताला फिरवायचा स्क्रू नसतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची छिद्रे पुन्हा पुन्हा खाली-डावीकडे जाऊ लागली, तर त्याने चाप हिसकला असे बहुधा समजावे. धमाका होणार या धास्तीने मनगट आधीच झुकलेले असते. त्यावर औषध म्हणजे गोळीविना सराव: रिकामे पिस्तूल, कोरी भिंत, आणि चाप सुटताना माशी हलली की नाही एवढेच पाहणे. दुसरी सवय त्याहून कठीण. गोळी सुटताच, लक्ष्याकडे पाहण्याआधी, ती कोठे लागली असेल ते मनाशी सांगायचे आणि वहीत लिहायचे. अंदाज आणि छिद्र जुळू लागले की नेमबाजाला आपली चूक स्वतःला दिसू लागते.

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदित नेमबाजांची पहिली मोठी पायरी आहे.

कोल्हापूरकरांच्या आठवणीत मात्र आधी येते ती तेजस्विनी सावंत, २०१० ची विश्वविजेती रायफलपटू. राहीपुढे आदर्श होता तो तिचाच. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये पुण्याच्या अनिसा सय्यदने वैयक्तिक सुवर्ण घेतले आणि राहीने रौप्य. जोडीचे सुवर्ण दोघींनी मिळून जिंकले. २०१४ ला ग्लासगोत हा क्रम उलटला. राही पहिली, अनिसा दुसरी.

या दोन स्पर्धांच्या मधे खेळाचे नियमच बदलले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत पात्रता फेरीचे गुण अंतिम फेरीत मिळवले जात; आघाडी हातात घेऊनच पुढे जाता येई. राही लंडनला १९ वी आली. २०१३ पासून अंतिम फेरी शून्यापासून सुरू होऊ लागली आणि वर्तुळांचे गुण तेथे नाहीसे झाले. उरले ते लागले किंवा चुकले. लागले म्हणजे १०.२ किंवा त्याहून अधिक. सकाळी पात्रता फेरीत ज्या गोळीला पूर्ण दहा गुण मिळतात, तीच १०.१ वर पडली तर दुपारी अंतिम फेरीत शून्य.

हा बदल राहीने फार लवकर आत्मसात केला. एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉनच्या विश्वचषकात तिने यजमान देशाच्या किम क्योंगे हिला ८-६ असे हरवले. या प्रकारात विश्वचषकाचे सुवर्ण भारताकडे प्रथमच आले.

मग कोपर दुखावले. पिस्तूल एका हाताने, खांद्यापासून सरळ धरायचे असते. कोपर गेले की सारेच जाते. रिओ ऑलिंपिक हुकले. परतताना तिने मार्गदर्शक निवडली मुंखबायार दोर्जसुरेन. याच प्रकारात या बाईंनी १९९२ ला मंगोलियासाठी आणि २००८ ला जर्मनीसाठी ऑलिंपिक कांस्य मिळवले होते. सोळा वर्षांच्या अंतराने आणि दोन देशांकडून!

पालेमबांगच्या अंतिम फेरीत पन्नास गोळ्यांपैकी राहीच्या ३४ लागल्या. थायलंडच्या नफास्वान यांगपैबूनच्याही ३४. बरोबरी मोडण्यासाठी पाच-पाच गोळ्या झाल्या, दोघींच्या चार लागल्या. पुन्हा पाच. राही ३, यांगपैबून २. पात्रतेत अव्वल ठरलेली मनू सहावी आली. नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणारी राही ही पहिली भारतीय महिला.

मे २०१९ मध्ये म्युनिकच्या विश्वचषकात तिने अंतिम फेरीत ३७ गोळ्या लावल्या आणि सुवर्णासह टोकियोचे तिकीट मिळवले. टोकियोत पात्रता फेरीच्या वर्तुळांच्या हिशेबात तिचे गुण ५७३ झाले, क्रमांक ३२ वा. अंतिम फेरीत जागा आठच.