आपलीच माणसं, मग परमिशन कशाला?

न्हावा शेव्याच्या आसपासच्या क्लिअरिंगच्या ऑफिसांत, मग ते उरणचं असो, द्रोणागिरीचं असो की पनवेलचं, एक मत घट्ट रुजलं आहे. नॅस घ्यायचं, त्यावर एक शेअर्ड फोल्डर काढायचा, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ द्यायचा आणि एकच लॉगिन सगळ्यांना सांगून टाकायचं. त्यामागची कारणं तीन. परमिशन लावली की काम अडतं. ऑफिसात सगळी आपलीच माणसं आहेत. आणि धोका बाहेरून येतो, त्याला फायरवॉल आहे. ही तिन्ही कारणं तपासली की टिकत नाहीत.

यातलं पहिलं सर्वांत वजनदार, म्हणून त्याची बाजू नीट ऐकू. सीएफएसमधून आपल्या माणसाचा फोन येतो: पॅकिंग लिस्ट पाठवा, एक्झामिनेशन सुरू झालंय. डॉक्युमेंटेशनवाला जागेवर नाही. शेजारच्या टेबलावरून फाइल उघडली नाही, तर कंटेनर त्या दिवशी सुटत नाही. फ्री दिवस संपले की शिपिंग लाइनचं डिटेन्शन आणि सीएफएसचं भाडं दोन्ही चढू लागतं. ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. पण शेजारच्या माणसाला त्या क्षणी फाइल वाचायची होती. बदलायची नव्हती, डिलीट तर मुळीच करायची नव्हती. वाचणं, लिहिणं आणि पुसणं हे तीन निरनिराळे अधिकार आहेत. काम अडू नये म्हणून वाचण्याचा अधिकार सढळ हाताने द्यावा, हे मलाही मान्य आहे. त्याच्या जोडीला बाकीचे दोन फुकटात का द्यायचे, याचं उत्तर मात्र या मताकडे नाही.

ते फुकटात दिले की काय होतं, ते पाहा. परदेशी पुरवठादार सुधारित इनव्हॉइस पाठवतो. कुणीतरी ते जुन्या इनव्हॉइसच्याच नावाने, त्याच जागी सेव्ह करतं. पार्टीने मंजूर केलेली चेकलिस्ट जुन्या आकड्यांची, ई-संचितवर चढलेलं इनव्हॉइस नवं. बिल ऑफ एन्ट्री भरून झाल्यावर किमतीतला फरक दिसतो. मग कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज, अधिकाऱ्यासमोर खुलासा आणि वाया गेलेले दिवस. फाइल कुणी बदलली? नॅसच्या लॉगमध्ये युजरचं नाव दिसतं ‘ऑफिस’. जुनी प्रत गेलेलीच असते. ज्याने काही केलं नाही, त्यालाही आपण निर्दोष असल्याचं दाखवता येत नाही. एकच लॉगिन ठेवणं हा विश्वास आहे असं म्हणतात. प्रत्यक्षात त्याने प्रामाणिक माणूसच उघड्यावर पडतो.

‘आपलीच माणसं’ हा मुद्दा तर या धंद्यात तोंडातूनही काढू नये. कस्टम्स ब्रोकर त्याच तत्त्वाविरुद्ध रोज काम करतो! एफ किंवा जी कार्ड असलेल्यालाच बिल ऑफ एन्ट्रीवर सही करण्याचा अधिकार देता येतो. एच कार्डवाला कितीही जुना आणि विश्वासू असला तरी सही करत नाही, आणि त्यात त्याला कुणी अपमान मानत नाही. अधिकार कामाप्रमाणे असतो, जिव्हाळ्याप्रमाणे नाही. शिवाय २०१८ च्या परवाना नियमांप्रमाणे ब्रोकरला सगळे कागद नीट लावून किमान पाच वर्षं जपावे लागतात आणि मागतील तेव्हा दाखवावे लागतात. ज्या फोल्डरमधून कुणीही काहीही पुसू शकतं, त्याच्या भरवशावर ही हमी कशी द्यायची?

आता फायरवॉल. २७ जून २०१७ ला याच बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. ते मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं. कारण होतं नॉटपेट्या नावाचं मालवेअर. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालं आणि मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमधून इथवर आलं. इथे नेमकं बोलायला हवं: फोल्डरची परमिशन नीट असती तर नॉटपेट्या थांबलं असतं, असा माझा दावा नाही. ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका दोषातून शिरायचं. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरचा पॅच मार्चमध्येच दिला होता. पण पॅच लावलेल्या मशीनही पडल्या, कारण ते मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलून विंडोजच्याच साधनांनी पुढे सरकत होतं. म्हणजे घरातलेच जास्तीचे अधिकार त्याच्या कामी आले. मर्स्कला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभे करावे लागले.

लहान ऑफिसातलं रॅन्समवेअर याहून साधं असतं. ज्याने मेलमधली अटॅचमेंट उघडली, त्याला जिथे लिहिता येतं तिथपर्यंत ते फाइली कुलूपबंद करतं. जिथे त्याला फक्त वाचता येतं, तिथे त्याचा हात पोचत नाही. ‘बॅकअप आहे ना’ म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की ती बॅकअपची डिस्कही त्याच लॉगिनने उघडी आहे का.

मग करायचं काय? ज्याला जेवढं काम, तेवढाच अधिकार हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात मांडलं, ते आजही पुरतं. परमिशन माणसाच्या नावाने देऊ नये, ग्रुपला द्यावी: आयात, निर्यात, अकाउंट्स. माणूस ग्रुपमध्ये येतो, जातो. फोल्डरला हात लावावा लागत नाही. चालू जॉबवर त्या त्या ग्रुपला लिहिता यावं, इतरांना वाचता यावं. आउट ऑफ चार्ज मिळून बिल झालं की जॉब वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावा आणि तिथे सर्वांना फक्त वाचण्याचा अधिकार असावा. पार्टीच्या केवायसीचे कागद, पॅन, आधार हे दोघातिघांपुरतेच. विंडोज सर्व्हरवर शेअरची परमिशन आणि एनटीएफएसची परमिशन यांत जी कडक तीच लागू होते आणि ‘डिनाय’ सहसा ‘अलाव’वर मात करतं; म्हणून ‘डिनाय’च्या खुणा करत बसू नये, द्यायचं नाही ते देऊच नये. नॅसवर स्नॅपशॉट चालू ठेवावेत. कुणी नोकरी सोडली की त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद.

दुसऱ्या टोकाला जाणारेही असतात. ते प्रत्येक पार्टीच्या प्रत्येक सबफोल्डरला निराळी परमिशन लावतात आणि महिन्याभरात कुणाला काय दिलं हे त्यांनाच सांगता येत नाही. काम अडतं ही तक्रार खरं तर अशा मांडणीतून जन्मली आहे. अधिकार वरच्या पातळीवरच ठरवावेत, खाली ते आपोआप उतरतात.

उरतो मालक. माझ्या ऑफिसात मला तरी सगळं हवं, असं तो म्हणतो. वाचायला सगळं असावंच. पण दिवसभर सर्वांत जास्त मेल त्याच्याच मशीनवर उघडले जातात. म्हणून त्याचं रोजचं लॉगिन साधं असावं. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि ते फक्त नॅसची सेटिंग बदलायची असेल तेव्हाच उघडावं.