विचारांचा गुराखी

बुद्धचरित्रातील गृहत्याग आणि बोधिवृक्ष हे दोन प्रसंग सर्वांना ठाऊक असतात. त्या दोहोंच्या मधल्या काळात या पुरुषाने नेमके केले काय, हे मात्र आपण क्वचित विचारतो. उपवास केले, देह झिजवला, एवढे ऐकलेले असते. परंतु मज्झिमनिकायातील १९ व्या, म्हणजे द्वेधावितक्क सुत्तात निराळाच हिशेब आहे.

बोध होण्यापूर्वीच त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले. एका बाजूला वासनेचे, द्वेषाचे व हिंसेचे विचार. दुसऱ्या बाजूला त्यांच्या उलट, म्हणजे त्यागाचे, अद्वेषाचे व अहिंसेचे. विचार उठला की कसोटी लावायची: यातून माझी हानी होते काय, दुसऱ्याची होते काय, की दोघांचीही? या कसोटीत देवाची आज्ञा नाही, कुळाचा अधिकार नाही. यज्ञवेदीजवळ ज्याला कोणी उभे करीत नसे, त्यालाही ती वापरता येत होती. हेच तिचे ऐतिहासिक मोल होय.

त्यासाठी दिलेला दाखला कोणत्याही खेडुताला कळेल असा आहे. पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यात शेते पिकांनी दाटलेली असतात. तेव्हा गुराखी काठीने गुरांना वळवतो, अडवतो. कारण ती पिकात शिरली तर मार, कैद, दंड आणि बोल त्यालाच लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पीक गावात आलेले असते. मग तोच गुराखी झाडाखाली बसतो. गुरे तेथे आहेत एवढे भान ठेवले की पुरे. मनावर सदैव काठी उगारावी, असे हे शास्त्र नव्हे. चांगले विचारही फार वेळ करीत बसल्यास देह थकतो व चित्त अस्थिर होते, असे त्याच सुत्तात सांगितले आहे.

लगेच पुढच्या, वितक्कसंठान सुत्तात वाईट विचार काढण्याचे पाच उपाय आहेत. सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, तसा चांगला विचार आणून वाईट विचार घालवावा, हा पहिला. दात आवळून मनाने मनाला दाबणे हा पाचवा. तो अगदी अखेरचा.

मूळ गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी (१८७६–१९४७) हे पाली वाङ्मय मराठी वाचकांपर्यंत आणले. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार उभारला. विद्वत्सभेपेक्षा गिरणगावाची निवड त्यांनी केली, हे विसरता येत नाही.

तरी कामगाराच्या मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. मन सांभाळा म्हणजे पगार मागू नका, असे तर नव्हे ना? याचे उत्तर दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मिळते. तेथे बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: कुवतीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, गोडधोडात वाटा देणे आणि वेळोवेळी सुट्टी देणे. ज्याने मन निवडायला शिकवले, त्यानेच मजुराचा हक्कही मोजून दाखवला. हक्क मागणे हा द्वेष नव्हे.

मात्र मागणीच्या वेशात सूड केव्हा आत शिरतो, हे पाहावे लागते. आम्ही संघटनेची माणसे हे नेहमी बघतो. संपाच्या पहिल्या आठवड्यात सर्वांच्या मनात मागणी असते. महिना उलटतो, वाण्याची उधारी थकते, आणि राग कामावर परतलेल्या सोबत्याकडे वळतो. त्याचे डोके फुटले तर त्याचे घर बुडते, आपल्या पोरावर खटला होतो आणि मागणी मागे पडते. म्हणजे हानी दोघांचीही. गुरे पिकात शिरतात, आणि पीक आपलेच असते.

अशा रात्रीच्या सभेत कोणता विचार उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे प्रत्येकाला आपल्याशीच ठरवावे लागते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती साधना मी याच अर्थाने समजतो. ती करण्यासाठी घर सोडावे लागत नाही. काठी कधी उचलावी आणि कधी झाडाखाली बसावे, एवढे ओळखावे लागते.