काळी, पांढरी आणि आपलं घर

आम्हा नांदेड-लातूरकडच्या माणसांना समुद्र दिसतो तो सहलीत. मुंबई-पुण्याचे माझे मित्र मात्र निवृत्तीची गोष्ट निघाली की कोकणात घर घ्यायचं तर किनाऱ्यापासून किती लांब, अशी चर्चा करतात. तिथं निदान कायद्यानं एक रेघ ओढली. १९९१ च्या अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आले. पुढे ते नियम बदलत गेले. आमच्याकडे समुद्र नाही, पण गोदावरी, मांजरा, तेरणा आहेत. घर कुठं असावं हा प्रश्न आम्हालाही चुकलेला नाही. नांदेडातली भाड्याची जागा सोडून स्वतःचं घर घ्यायचं ठरवल्यापासून तर तो माझ्याच उंबऱ्यावर बसला आहे.

जुन्या माणसांकडे याचं उत्तर दोन शब्दांत होतं. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्वारी-कापसाची ती माय, पण भिंतीची वैरीण. म्हणून गाव बसवायचं ते पांढरीवर आणि पाण्याच्या जवळ. घरं बांधायची ती दगडमातीच्या जाड भिंतींची, वर लाकडी खणांचं माळवद. माळवद गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी माती पडायची, थर चढत जायचा. वैशाखात असं घर गार असायचं. सगळं ठीक होतं, जमीन हलेपर्यंत.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. नांदेडात आमची खाट हलली, एवढंच. तिसऱ्या दिवशी ब्लँकेटं आणि बिस्किटं घेऊन निघालेल्या ट्रकमधून किल्लारीला उतरलो, तेव्हा गाव असं काही उरलंच नव्हतं. ढिगाऱ्याशेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘‘ज्या माळवदानं जन्मभर ऊन अडवलं, त्यानंच लेकरं नेली बाबा.’’ लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठं पुनर्वसन झालं. ५२ गावं मूळ जागेवरून हलवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. भिंती पक्क्या, रस्ते सरळ आणि रुंद. पण शेत जुन्या गावाजवळ राहिलं आणि घर लांब गेलं. बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर टेकायचं, हे नकाशात कुणी विचारलं नव्हतं. काहींनी घरापुढं पत्र्याची शेड टाकून उत्तर शोधलं. तरीही त्या घरांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. डोक्यावर माळवद नाही, या भरवशावर तिथं लेकरं पुन्हा झोपू लागली.

आता माझं ऐका. पहिली जागा नदीजवळची, स्वस्त. एजंट म्हणाला, ‘‘खिडकीतून गोदावरी दिसते.’’ कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं छातीएवढा हात धरून दाखवला, ‘‘२००६ ला पाणी इथवर होतं.’’ त्या ऑगस्टात जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यानं नांदेडात शिरकाव केला होता. दुसरा प्लॉट गावाबाहेर, काळ्या रानात. तिथं पाया खोल घ्यायचा, शिवाय सगळा भरवसा बोअरवर. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. तिसरी जागा उंचावर होती, पसंतही पडली. माझं नाव सांगितल्यावर कळलं की ती कालच विकली गेली. पाटी मात्र पुढं महिनाभर लटकत होती.

घरी आलो. अम्मीची सत्तरी उलटली आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘‘पैले पडोस देखते बेटा, बाद में घर.’’

मग आमच्याच गल्लीच्या वरच्या अंगाचं एक जुनं घर बघितलं. छत हलकं आहे, पाण्याची खूण भिंतीवर नाही. इंजिनिअरला दाखवून खांबांचं काम वाढवून घ्यायचं ठरवलं आहे, कारण २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेडची जमीन पुन्हा हलली होती. शेजारच्या काकूंनी त्या सकाळी स्वतःचं दार उघडायच्या आधी अम्मीला हाक मारली होती.

इसार दिला आहे. तुम्हीही घर बघायला निघालात तर खिडकीतून काय दिसतं ते नंतर विचारा. आधी त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी घटकाभर बसा.