रडार-संवेदन व बिनतारी संदेशवहन : एकत्रित अध्यापन (कर्जत–खालापूर)

एकाच रेडिओलहरीने संदेश पाठवायचा आणि वस्तूंवर आपटून परतलेल्या तिच्या अंशावरून त्या वस्तूंचे अंतर, वेग व हालचालही ओळखायची, या तंत्राला एकत्रित संवेदन व संदेशवहन म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ६जी सेवेची चौकट मंजूर केली. तिच्यातील सहा उपयोगक्षेत्रांपैकी हे एक आहे. वाय-फायच्या लहरींनी संवेदन करण्याचे ८०२.११बीएफ हे मानक २०२५ मध्ये आले. प्रस्तुत नोंद या तंत्राच्या अभियांत्रिकीतील अध्यापनाविषयी आहे. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला असलेले कर्जत व खालापूर तालुके त्या अध्यापनासाठी कसे उपयोगी पडतात, याचाही तिच्यात विचार केला आहे.

रडार-संवेदन आणि संदेशवहन ही दोन शास्त्रे मुळात वेगळी नव्हती. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी विमान ‘पाहिले’, ते बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या लहरींनी. प्रसारणासाठी उभारलेले केंद्रच रडारचा दिवा ठरले. पुढे महायुद्धाने रडार सैन्याकडे नेले आणि संदेशवहन टेलिफोन कंपन्यांकडे गेले. महाविद्यालयांतही तीच फाळणी रुजली.

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार (‘ईएक्सटीसी’) शाखेच्या सातव्या सत्राला मायक्रोवेव्ह अभियांत्रिकी आणि मोबाइल संदेशवहन हे दोन पेपर शेजारी शेजारी होते. कर्जतचे कोकण ज्ञानपीठ अभियांत्रिकी महाविद्यालय, रसायनीचे पिल्लई एचओसी महाविद्यालय ही या दोन तालुक्यांतील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. मोबाइलच्या पेपरात इमारतींवरून, डोंगरांवरून फिरून येणारी लहर हा दोष असतो. तिच्यामुळे संदेश विरतो, म्हणून ती कशी निस्तरायची ते मुले शिकतात. मायक्रोवेव्हच्या पेपरातल्या रडारच्या धड्यात तीच परतलेली लहर म्हणजे सगळी माहिती. विद्यार्थी दोन्ही पेपरांत उत्तीर्ण होतो, पण आपण एकाच लहरीचा दोनदा अभ्यास केला हे त्याला कुणी सांगत नाही. एकत्र शिकवण्याची गरज इथून सुरू होते.

मूळ तत्त्वे थोडी आहेत. जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची क्षमता पट्टारुंदीवर ठरते. वाय-फायच्या २० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात ती साडेसात मीटर, ५जीच्या १०० मेगाहर्ट्‌झमध्ये दीड मीटर, आणि मोटारींतल्या रडारच्या ४ गिगाहर्ट्‌झमध्ये चार सेंटिमीटरहून कमी भरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संदेशाची शक्ती एक-चतुर्थांश होते, परंतु जाऊन-येऊन प्रवास करणाऱ्या रडारच्या लहरीची एक-षोडशांश उरते. म्हणून मोबाइलचा मनोरा जिथवर बोलू शकतो तिथवर तो पाहू शकत नाही. पाठवतानाच ऐकायचे असल्याने स्वतःच्या प्रक्षेपकाचा गोंगाट दाबणे, हा प्रत्यक्षातला सर्वांत चिवट प्रश्न. २०११ मध्ये जर्मनीतील स्टुर्म व वीसबेक यांनी ४जी आणि वाय-फाय ज्या बहुवाहक पद्धतीवर चालतात तीच रडारलाही कशी चालते, हे सविस्तर मांडले. पाठवलेली चिन्हे आपल्याला ठाऊकच असतात. परत आलेल्या चिन्हांना त्यांनी भागले की संदेश गळून जातो आणि मार्गाचा ठसा उरतो. पुढचे काम फूरिये रूपांतर करते. हे गणित तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला झेपणारे आहे.

प्रयोग मात्र हातानेच करायला हवा. अमेरिकेतील एमआयटीत २०११ मध्ये ग्रेगरी चार्व्हॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या दोन डब्यांचे अँटेना करून सुमारे ३६० डॉलरांत २.४ गिगाहर्ट्‌झचे रडार विद्यार्थ्यांकडून बांधून घेतले. दूधपावडरीचा दहा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा त्याला पुरतो. डब्याच्या बाजूला भोक पाडायचे, आत सुमारे तीन सेंटिमीटर तांब्याची तार उभी करायची, म्हणजे पाव तरंगलांबी झाली. एक डबा पाठवतो, दुसरा ऐकतो. दोन्हींच्या मिश्रणातून निघणारा फरक-संकेत लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात देता येतो, कारण तो कानाला ऐकू येईल इतक्याच वारंवारतेचा असतो.

हे रडार घेऊन जुन्या मुंबई–पुणे रस्त्याच्या कडेला, खोपोलीच्या बाजूला, रीतसर परवानगीने व सुरक्षित अंतरावर उभे राहावे. (द्रुतगती मार्गावर पायी जाण्यास बंदी आहे, तिथे हा खटाटोप करू नये.) घाट चढणारा भरलेला ट्रक ताशी ३० किलोमीटरने समोर आला तर हेडफोनमध्ये सुमारे १३३ हर्ट्‌झचा जाड घुमारा येतो. ताशी ८० ने येणारी मोटार सुमारे ३५६ हर्ट्‌झवर बोलते. चालत्या माणसाचा आवाज २०-२५ हर्ट्‌झवर, म्हणजे कानाच्या कडेला. पडद्यावर मात्र त्याची रेघ दिसते आणि तिच्या आजूबाजूला हातापायांच्या हालचालीची पिसे. वाहन तिरके जात असेल तर स्वर उतरतो. कोनाच्या कोसाइनचा हा परिणाम फळ्यावर सांगून पटत नाही, रस्त्यावर ऐकून पटतो. नंतर याच २.४ गिगाहर्ट्‌झवर सॉफ्टवेअर रेडिओने बहुवाहक संदेश पाठवावा आणि तोच संदेश वाहनाचा वेगही सांगतो का, ते पाहावे. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे. सॉफ्टवेअर रेडिओसाठी लागणारे ग्नू रेडिओ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

या मुलखाला साजणारा दुसरा प्रयोग पावसाचा. मोबाइलचे मनोरे परस्परांशी मायक्रोवेव्ह दुव्याने जोडलेले असतात आणि पावसाचे थेंब ती लहर शोषतात, विखुरतात. तासाला ५० मिलिमीटर पाऊस असेल तर १५ गिगाहर्ट्‌झच्या दुव्यावर किलोमीटरमागे सुमारे साडेतीन डेसिबेल घट होते, २३ गिगाहर्ट्‌झवर सुमारे सात. हागित मेसर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इस्रायलमधील दुव्यांच्या नोंदींतून पाऊस मोजून दाखवला. २०१३ मध्ये नेदरलँड्सचा देशभराचा पर्जन्यनकाशा याच रीतीने तयार झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस एका कड्याआड कोसळतो आणि दुसऱ्याआड नुसता शिंपडतो. माथेरानचा पाऊस आणि नेरळचा पाऊस यांत एका डोंगराचे अंतर आहे. तिथे मोजके पर्जन्यमापक अपुरे पडतात आणि दुवे मात्र आधीच उभे आहेत. कंपन्यांनी नोंदी दिल्या नाहीत, तर महाविद्यालयाच्या दोन इमारतींत छोटा दुवा उभारून शेजारी पर्जन्यमापक ठेवता येतो. जून ते सप्टेंबर हा कर्जतचा पाऊस या प्रयोगाला उदंड आहे.

हे शिक्षण इथे केवळ नोकरीसाठी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथके चिखलातून पायी चढून गेली. रडार असते तर ती माणसे वाचली असती, असा दावा करणे चूक ठरेल, कारण काही दरडी आधी सूचना न देता सुटतात. परंतु हळूहळू सरकणारा उतार लहरीच्या कलेतील (फेजमधील) बदलावरून मिलिमीटरांत मोजता येतो, खाणींत हे रोज होते. भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याची २४ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर झाडीतून बरीच आत शिरते आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो. त्याची माहिती सर्वांना खुली ठेवण्याचे धोरण आहे. उतार मोजणारे यंत्र आणि धोक्याचा निरोप वाडीत पोचवणारे यंत्र एकच असावे, ही या तंत्राची सर्वांत माणुसकीची बाजू आहे आणि पाठ्यपुस्तकांत तिला सर्वांत कमी जागा मिळते.

दुसरी बाजूही शिकवायला हवी. भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल वाय-फायने टिपता येते, म्हणजे कुणाच्या घरात कोण जागे आहे हेही टिपता येते. संमतीशिवाय नोंद घ्यायची नाही, हा नियम पहिल्याच प्रात्यक्षिकात सांगितला पाहिजे.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘भारत ६जी’ दृष्टिपत्र प्रसिद्ध केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातील १०० शैक्षणिक संस्थांना ५जी प्रयोगशाळा दिल्या. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत त्यांनीही थांबू नये. मायक्रोवेव्ह आणि मोबाइल शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांनी मिळून एकच मिनी प्रोजेक्ट द्यावा, व्हायवाला दोघांनी एकत्र बसावे. दोन डबे आणि एक लॅपटॉप एवढ्यावर येत्या सत्रातच सुरुवात करता येईल.