रात्री सामान चोरीस गेले, तर भरपाई कोणाची? सराईपासून गोंदियाच्या मुसाफिरखान्यापर्यंत

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी आणि देवरी या गावांवरून जातो. इंग्रजी अमलात याच वाटेला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. (जिल्ह्यात मोरगाव अर्जुनीही आहे, या अर्जुनीच्या नावात मात्र सडकच येऊन बसली आहे.) नागपूर ते रायपूर हे सुमारे २९० किलोमीटरचे अंतर आज काही तासांचे आहे. बैलगाडीच्या काळात त्यासाठी कित्येक मुक्काम करावे लागत, आणि प्रत्येक मुक्कामी एकच धास्ती असे: सकाळी गाठोडे जागेवर असेल का?

आज आपण हॉटेलच्या खोलीत शिरताच आधी कडी तपासतो. इतिहासाकडे पाहिले तर कडीकुलूप ही या कथेतील दुय्यम गोष्ट ठरते. प्रवाशाच्या सामानाची राखण खऱ्या अर्थाने होत असे ती चोरी झाल्यास जाब कोणाला द्यावा लागेल, हे आधीच ठरलेले असल्यामुळे. या धाग्यात त्या जबाबदारीचाच माग काढू.

प्रारंभ कौटिल्यापासून करावा लागतो. अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात व्यापारी तांड्यांच्या मुक्कामाविषयी नियम आहे. तांड्यातील लोकांनी गावात उतरावे; मात्र आपल्याजवळ किती मोलाचा माल आहे हे आधी सांगून. त्यासाठी ग्रंथात ‘ज्ञातसार’ असा नेमका शब्द आहे. रात्री गावाबाहेर न गेलेला माल चोरीस गेला, तर तो गावच्या प्रमुखाने भरून द्यायचा. दोन गावांच्या मधल्या भागात चोरी झाली, तर कुरणांवरील अधिकाऱ्याने. आणि जेथे कुरणेही नाहीत तेथे ‘चोररज्जुक’ नावाच्या अधिकाऱ्याने. थोडक्यात, वाटेचा एकही तुकडा बेवारस सोडलेला नाही.

त्याच ग्रंथात नगराच्या व्यवस्थेत आणखी एक नियम आढळतो. घरी कोण आले आणि घरातून कोण गेले, याची वर्दी घरमालकाने द्यायची. न दिल्यास त्या रात्री घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्या माथी. रात्र निर्विघ्न पार पडली तरी तीन पण दंड आहेच! हॉटेलात आज ओळखपत्राची प्रत मागितली की आपण कुरकुरतो; त्या नोंदवहीचे मूळ इतके जुने आहे. ग्रंथातील नियम प्रत्यक्षात कितपत पाळले जात, हा प्रश्न वेगळा. पण विचाराची दिशा स्पष्ट आहे: प्रवाशाने माल जाहीर करावा, यजमानाने प्रवासी जाहीर करावा, आणि मग नुकसान यजमानाच्या अंगावर यावे.

सोळाव्या शतकात शेरशहा सूरने सडकांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्याचे अब्बास सरवानी लिहितो. या सराया प्रसिद्ध आहेत; त्यांच्यामागचा नियम तितकासा नाही. ज्या गावाच्या हद्दीत चोरी होईल तेथील मुकद्दमाने चोर हजर करावा, नाहीतर भरपाई द्यावी, असा तो नियम. शेरशहाचे राज्य आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते, पण गावाला उत्तरदायी धरण्याची ही रीत दख्खनेतही रुजलेली होती.

पेशवाईच्या अस्तानंतर, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचे काम वर्णिलेले आहे. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई आणि तेथे तो माग पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. माग ज्या गावात थांबला, त्या गावावर नुकसानीचा बोजा. भिल्ल, रामोशी, महार अशा समाजांतील माणसांकडे हे काम असे. त्यांच्या या कसबावर अवघी व्यवस्था उभी होती, हे आपल्या इतिहासलेखनात फार क्वचित ठसठशीतपणे येते. मध्यप्रांतात गावच्या या पहारेकऱ्याला कोतवाल म्हणत.

या व्यवस्थेत एक भगदाड होते, आणि ठगांनी तेच हेरले. ते सराईत चोरी करीत नसत. सराईत ओळख वाढवीत, सोबत मागत, आणि पहाटे प्रवाशासह निघून निर्जन जागी त्याचा गळा आवळीत. माग काढायला फिर्यादीच उरत नसे, मग शिवेपर्यंत जाणार कोण? जबलपूरला बसून विल्यम स्लीमनने ठगांविरुद्धची मोहीम चालवली. १८३६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. स्लीमनच्या वर्णनांत वसाहतवादी अतिरंजन किती, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो रास्त आहे. धोत्र्याचे बी अन्नात कालवून सहप्रवाशाला बेशुद्ध करण्याचे प्रकार मात्र पुढेही चालू राहिले. आजच्या रेल्वेतील बिस्किटांची कथा ओळखीची वाटते ना?

भोसल्यांचे नागपूर १८५३ नंतर खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. १८६७ मध्ये इंग्रज सरकारने सराई कायदा केला. सराईची नोंदणी, भिंती-दारे-छपरे धड राखणे, दरपत्रक लावणे, आणि प्रवासी, जनावरे व गाड्यांच्या रक्षणासाठी जिल्हा मॅजिस्ट्रेटला आवश्यक वाटतील तितके पहारेकरी ठेवणे, ही कर्तव्ये त्यात आहेत. कसूर केल्यास दंड जास्तीत जास्त वीस रुपये. हा दंड सरकारजमा. ज्याचे गाठोडे गेले त्याच्या हाती काहीच नाही. माझ्या मते या कथेचे खरे वळण येथे आहे. कौटिल्याचा ग्रामप्रमुख प्रवाशाचे देणे लागत होता, सराईवाला सरकारचे देणे लागू लागला.

मग आगगाडी आली. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग पडला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला. मार्ग तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असा गेला. देवरीची सडक बाजूला पडली आणि गोंदिया वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी अरुंद रेल्वे येथे मिळाली, आणि गोंदिया जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे गाडी बदलायची जागा, म्हणजेच वाट पाहत काढलेली रात्र. मुसाफिरखान्याच्या फरशीवर शेजारी झोपलेला माणूस कोणत्या गावचा, हे सांगणारा कोतवाल तेथे नव्हता. माग शिवेवर सोपवायचा तर शीव कोणती? चोर पहाटेच्या गाडीने गेलेला असायचा.

रेल्वेने उत्तर दिले ते कागदावर. १८९० च्या रेल्वे कायद्यानुसार सामान नोंदवून पावती घेतली असेल तरच रेल्वे जबाबदार. आणि सोन्याचांदीसारख्या वस्तूंच्या पार्सलचे मोल शंभर रुपयांहून अधिक असेल, तर ते जाहीर करून जादा आकार भरलेला हवा. ‘ज्ञातसार’ शब्द आठवा! ग्रामप्रमुखाची जागा पावतीने घेतली. १९८९ च्या कायद्यातही सूत्र तेच आहे: प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानासाठी रेल्वे कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. कमरेला बांधलेली रोकड गाडीत चोरीस गेलेल्या एका प्रवाशाची मागणी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणास्तव फेटाळली.

हॉटेलांचे काय? इंग्लंडमध्ये १५८४ च्या केलीच्या खटल्यापासून खाणावळवाला पाहुण्याच्या सामानाला जवळपास विमेदारासारखा बांधील होता. १८६३ च्या कायद्याने ही बांधिलकी तीस पौंडांपर्यंत मर्यादित केली. मात्र सामान त्याच्याकडे ठेवायला दिले असेल किंवा चूक त्याचीच असेल, तर मर्यादा लागू नाही. भारतीय न्यायालयांनी हा कठोर नियम जसाच्या तसा उचलला नाही. १९२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हॉटेलमालकाला १८७२ च्या करार कायद्यातील कलम १५१ आणि १५२ ची कसोटी लावली: शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल, तितकी घेतली होती का? त्या खटल्यात खोलीच असुरक्षित होती, म्हणून मालक अडकला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या मोटारीच्या चोरीबाबत निकाल दिला. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे चिठ्ठीवर छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. येथे ‘ताब्यात दिलेल्या’ हे शब्द निर्णायक आहेत. मोटारीची चावी हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली होती. खोलीतल्या कपाटात आपण गुपचूप ठेवलेले दागिने कोणाच्याच ताब्यात दिलेले नसतात, आणि भांडण नेमके तेथे लंगडे पडते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा आजही मुक्कामाचा प्रदेश आहे. नवेगाव-नागझिऱ्याला पर्यटक येतात. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेसाठी गोंड भाविक दरेकसा स्थानकावर उतरतात आणि अनेक जण उघड्यावर वा राहुट्यांत रात्र काढतात. १८६० च्या दंडसंहितेने राहण्याच्या इमारतीतील चोरीइतकीच राहण्याच्या तंबूतील चोरीही गंभीर मानली होती: साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, तर या चोरीला सात वर्षांपर्यंत. ही शिक्षा चोरासाठी आहे. भरपाईचा प्रश्न मात्र अजूनही काउंटरवरच्या पावतीपाशी येऊन थांबतो, आणि ती पावती मागणारे पाहुणे मोजकेच असतात.