शांत प्रकाशाचा इतिहास



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. परंतु उपकरणांनाही इतिहास असतो, आणि तो आपल्याला पुष्कळ काही शिकवून जातो. अशाच एका उपकरणाची, म्हणजे काचेच्या तंतूतून लेसरची शक्ती वाढविणाऱ्या वर्धकाची, ही हकिगत आहे.

विश्वात प्रचंड उलथापालथ झाली की अवकाशातच लहरी उठतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ साली सांगितले. या लहरी इतक्या क्षीण असतात, की चार किलोमीटर अंतरात त्यांनी पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो. तो मोजायचा कसा? लेसरचे दोन किरण काटकोनात पाठवावेत, आरशांवरून परत आणावेत आणि त्यांची तुलना करावी. अमेरिकेतील रायनर वाइस यांनी १९७२ साली या योजनेत कोणकोणते अडथळे येतील याची तपशीलवार मांडणी केली. लेसरच्या शक्तीतील चढउतार हा त्यांपैकीच एक होता.

येथे खरी अडचण लक्षात घ्या. प्रकाश कणांनी येतो. पत्र्यावर तुरळक पाऊस पडताना थेंबांचा आवाज अनियमित येतो. मुसळधार पावसात तो एकसारखा होतो. तसेच येथेही आहे. प्रकाशाची शक्ती चौपट केली की कणांच्या या अनियमितपणाचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून प्रकाश प्रखर हवा. पण प्रखर करताना तो थरथरता कामा नये.

आता थोडे मागे जाऊ. पहिला लेसर १९६० साली मायमन यांनी चालविला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ साली, कोस्टर आणि स्निट्झर यांनी निओडिमियम मिसळलेल्या एक मीटर लांबीच्या काचतंतूतून प्रकाशाची स्पंदने पन्नास हजार पटींपर्यंत वाढवून दाखविली. परंतु त्या शोधाला त्या काळी मोठे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १९८७ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बियमयुक्त तंतूचा वर्धक तयार केला, आणि समुद्रतळाच्या दूरध्वनी तारांचे रूप पालटले.

तंतू लांब व बारीक असल्याने त्याची उष्णता सहज निघून जाते आणि किरण स्वच्छ राहतो. मात्र एकाच शुद्ध रंगाचा प्रखर प्रकाश तंतूत सोडला, की तो काचेतच ध्वनिलहरी उठवितो आणि त्यांवर आदळून स्वतःच मागे फिरतो. यावर उपाय म्हणून गाभा रुंद आणि लांबी कमी असलेले, इटर्बियम मिसळलेले तंतू बनविण्यात आले.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रणेने प्रथमच गुरुत्वीय लहर टिपली. त्या वेळचे वर्धक स्फटिकांचे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पुढे इटलीतील व्हर्गो वेधशाळेने तंतू-वर्धकाचा स्वीकार केला. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली आहे.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी भौतिकशास्त्र घेऊ म्हणते, तेव्हा "याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो. फी भरणाऱ्याने तो विचारणे गैर नाही. परंतु १९६४ च्या त्या एक मीटर तंतूला हाच प्रश्न विचारला असता, तर समाधानकारक उत्तर मिळायला वीस-बावीस वर्षे लागली असती. आणि विद्यार्थी मित्रहो, ती वेधशाळा चालवायला काच, प्रकाश आणि गणित जाणणारी माणसे लागतील. ती आपल्या वर्गांतूनही निघोत, हीच सदिच्छा.