चिलीम, छापी आणि वाळीत टाकणं

चिलीम ओढणाऱ्याच्या हातात एक ओला फडक्याचा तुकडा असायचा. त्याला छापी म्हणतात. चिलमीच्या खालच्या तोंडाला छापी गुंडाळायची, मूठ आवळायची आणि मुठीतून धूर ओढायचा. धूर जरा गार होतो, तंबाखूचा चुरा तोंडात येत नाही. हा सांगायचा उपयोग. न सांगायचा उपयोग असा की चिलीम चार जणांत फिरली तरी एकाचं तोंड थेट दुसऱ्याच्या उष्ट्याला लागत नाही. आपल्याकडे उष्ट्याचे नियम किती कडक होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या चिंधीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

माझ्या आजोबांची चिलीम माझ्याकडे आली. भाजलेल्या मातीची, वीतभर, धुराने काळी पडलेली, वरच्या तोंडाला पितळेचं कडं. आत तंबाखू खाली पडू नये म्हणून टाकायचा खडासुद्धा शाबूत आहे. वाटणीत जमीन, विहिरीची पाळी, दोन पातेली यावरून बोलणी झाली, चिलमीवर कुणी हक्क सांगितला नाही. चुलतभावाचं म्हणणं आहे की नवीन घराच्या शोकेसमध्ये पितळी अडकित्ता आणि पानाच्या डब्याशेजारी ठेवू, "शोभा येईल". येईलही. पण या वस्तूच्या मागे काय काय आहे ते आधी बघू म्हटलं.

तंबाखू आपली नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आली, आणि उत्तर हिंदुस्थानाच्या आधी दख्खनमध्ये रुजली. याला चांगला साक्षीदार आहे. अकबराचा वकील असद बेग १६०३-०४ च्या सुमारास विजापूरला आदिलशहाच्या दरबारी आला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली. अशी वस्तू त्याने हिंदुस्थानात पाहिलेली नव्हती. परत जाताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित, लांब नळीचा एक सुंदर पाईप तयार करून नेला आणि आग्र्यात बादशहापुढे ठेवला. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. शाही हकीम अस्वस्थ झाला, त्याने बादशहाला आणखी ओढू दिलं नाही. मग दरबारात वाद झाला की जी गोष्ट आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत नाही ती घ्यावी का. हे सगळं असद बेगनेच लिहून ठेवलं आहे. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी तंबाखू मागून मागून नेली आणि लवकरच व्यापारी ती विकू लागले. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. तिचं काय झालं ते आपल्या गुटखाबंदीवरून ओळखा. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखा बंद आहे आणि आमच्या एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर आज सकाळीही मिळत होता.

सांगायचा मुद्दा, जी वस्तू विजापूरच्या दरबारात नवलाई होती, ती काही पिढ्यांत कुणब्याच्या चंचीत आली. तंबाखू शब्द पोर्तुगीज, चिलीम फारसी, आणि घडवणारा आमच्याच गल्लीतला कुंभार. आणि या परदेशी पाहुणीला आपण आपल्या सगळ्यात देशी गोष्टीत बसवलं. जातीत.

उत्तरेत 'हुक्कापाणी बंद' हा शब्दप्रयोग आहे. म्हणजे जातीबाहेर टाकणं. ज्याच्या हातचं पाणी चालतं आणि ज्याच्याबरोबर हुक्का चालतो तो आपला. ई. ए. एच. ब्लंट या इंग्रज अधिकाऱ्याने उत्तर भारतातल्या जातींवर १९३१ साली पुस्तक काढलं, त्यात अन्नपाण्याच्या नियमांबरोबर धूम्रपानाचे नियमही येतात. तीनशे वर्षांपूर्वी ज्या झाडाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्याचा सोवळ्या-ओवळ्याचा कायदा तयार! आपल्याकडे शब्द वाळीत टाकण्याचा, चिलीम मात्र तेच काम करायची.

याला अपवादही होते. शिर्डीत साईबाबांची चिलीम मशिदीत जमलेल्या भक्तांमध्ये फिरायची, हिंदू-मुसलमान दोघांच्याही हातात जायची. बाबांच्या चिलमी आजही तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. पण शिर्डीची मशीद म्हणजे गावाची चावडी नव्हे.

आमच्या गावात कसं होतं, हे मला घरच्यांनी कधी सांगितलं नाही. घरात गोष्ट अशी होती की आजोबांची चिलीम "सगळ्या गावाची" होती, रात्री ओट्यावर बैठक बसायची, भांडणं तिथेच मिटायची. चिलीम हातात आल्यावर मी बौद्धवाड्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना भेटलो. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी ते वडिलांबरोबर आमच्याकडे कामाला यायचे. मी चिलीम त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि हसले.

"दादा, ह्या चिलमीत माझ्या बापानं किती इस्तू घातला आसंल त्याला गिनती न्हाई. वढली मातुर न्हाई कवा. आमची आमच्याजवळ आसायची. तुमचा आजा माणूस चांगला. तंबाखू द्यायचा, पर वरनं टाकायचा हातावर."

मी विचारलं, वाईट वाटायचं का? ते म्हणाले, "तवा रीतच ती. वाईट आता वाटतं."

म्हणजे विस्तव चालत होता, धूर चालत नव्हता. 'सगळ्या गावाची' या शब्दात कोण कोण बसत होतं, ते मला ऐंशी वर्षांच्या त्या माणसाकडून कळलं, घरच्या आठवणींतून नाही.

पाण्याचा प्रश्न निदान कोर्टात गेला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, आणि १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल लागला. तळं सार्वजनिक असतं, त्याला सरकारी दप्तर असतं. चिलीम खाजगी. ती कुणाकडे द्यायची याचा दावा कुठे लावणार?

चिलमीची बैठक मोडली ती समाजसुधारणेने नाही, बिडीने. गोंदिया-गडचिरोलीकडचं तेंदूपान, सिन्नर-सोलापूरच्या बायांचे हात, आणि प्रत्येकाच्या खिशात आपापलं बंडल. उष्ट्याचा प्रश्नच मिटला. पण बिडी वरून टाकता येते, आणि चिलमीपेक्षा सोपी टाकता येते. फुप्फुसाला दोन्ही सारख्याच. आजोबा शेवटची काही वर्षं रात्रभर खोकत बसायचे.

आणि वाळीत टाकणं? त्यावर मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये याचिका दाखल झाली. २०२३ मध्ये ती नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवली गेली. इकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावरही कार्यकर्त्यांनी ती चालू ठेवली, आणि एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

कायदा चांगला आहे. पण मी तालुक्यात बातमीदारी करतो, म्हणून व्यवहार सांगतो. बहिष्कार घातल्याचं कुणी कागदावर लिहून देत नाही. एका कुटुंबाने मला जे सांगितलं ते असं: गिरणीत दळण सगळ्यात शेवटी, मयताला चार माणसं कमी, लग्नपत्रिका येत नाही, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नंबर काढलेला. ठाण्यात विचारलं गेलं, "ठराव कुठाय?" ठराव नव्हता. पंच म्हणाले, आम्ही कुणाला काही बोललोच नाही. ते खरंच होतं. ओट्यावर चिलीम फिरताना एकाला वगळून पुढे गेली, तर तेव्हाही कुणी काही बोलत नसे.

चिलीम शोकेसमध्ये ठेवायला माझी ना नाही. चुलतभावाला एवढंच सांगितलंय की खाली पट्टी लावायची असेल तर "आजोबांची चिलीम" लिही, "सगळ्या गावाची" लिहू नकोस. तो अजून काही बोललेला नाही.